मुठी

माझ्या व्हीलचेअरला मागे मुठी नव्हत्या. मीच त्या काढायला लावल्या होत्या. मुठी दिसल्या की लोकांचे हात शिवशिवतात. दुकानात, रस्त्यात, दवाखान्यात कुणीही मागून येतं, "चल, सोडतो पलीकडे" म्हणतं आणि ढकलायला लागतं. मला पलीकडे जायचंय का, हे कुणी विचारत नाही. एका सद्गृहस्थांनी तर मला रस्ता ओलांडून दिला आणि पाठीवर थोपटून निघूनही गेले. मी अलीकडे आईची वाट बघत थांबले होते. त्या दिवशी घरी येऊन, पाय चालत नसताना माणसाला जेवढा थयथयाट करता येतो तेवढा मी केला. धाकट्या भावाने पाना आणला, नट सैल केले, मुठी उपसल्या आणि कपाटावर फेकल्या. "आता कोण ढकलतो बघू," तो म्हणाला. तेव्हा तो उभा राहून खुर्चीतल्या माझ्याएवढा होता, म्हणून सगळे त्याला टिल्लू म्हणायचे. आता दारातून येताना त्याला वाकावं लागतं, पण नाव काही सुटलं नाही.

टिल्लू स्काउट आहे. त्यांच्यात सगळ्यात वरचा बिल्ला मिळवायचा तर लोकांच्या उपयोगाचं काहीतरी बांधून दाखवावं लागतं. आराखडा आपणच करायचा, मंजुरी आपणच मिळवायची, बाकीच्या पोरांकडून काम करून घ्यायचं आणि अठरावं वर्ष पुरं व्हायच्या आत संपवायचं. बहुतेक मुलं बाकं बांधतात. बाक बांधायला डोकं लागत नाही आणि त्याच्याबद्दल कुणाची तक्रारही नसते. टिल्लू म्हणाला, "ताई, मी वाचनालयाला रॅम्प बांधतो."

वाचनालय आमच्या मागच्याच रस्त्याला आहे आणि त्याच्या दाराला पायऱ्या आहेत. ग्रंथपालबाई मला खिडकीतून पुस्तकं द्यायच्या. त्यांना दुपारच्या पाळीला माणूस हवं होतं. "तुझ्यासारखी वाचणारी मला दुसरी कुठे मिळणार?" त्या म्हणाल्या होत्या. "फक्त आपलं आपण आत-बाहेर करता आलं पाहिजे हं. दुपारी मी नसते, तुला उचलणार कोण?" ती नोकरी मला हवी होती. इतकी हवी होती की घरात तिचा विषयही मी काढत नव्हते. फक्त टिल्लूला सांगितलं होतं.

आराखड्याची सुरुवात आमच्या अंगणात झाली. टिल्लूने कुठूनसं एक जुनं दार आणलं, एका टोकाखाली विटा रचल्या आणि मला म्हणाला, "चढ." विटा कमी असल्या की मी गाणं म्हणत चढायचे. एकेक वीट वाढत गेली तसं गाणं थांबलं, मग बोलणं थांबलं, आणि शेवटी अर्ध्यावरून मी सरळ मागे घरंगळले. त्याने खुर्ची दोन्ही चाकांना धरून अडवली, तळहात सोलून घेतले आणि वर मलाच विचारलं, "लागलं का?" बरोबर उतार कोणता हे पुस्तकात दिलेलं होतंच, एक फूट चढायला बारा फूट लांबी. पण त्याला ते माझ्या दंडांकडून ऐकायचं होतं. दंडांनीही तेच सांगितलं. मला भावाचा फार अभिमान वाटला. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे मी त्याच्याबद्दल बरं बोलणार नाही.

मंजुरीची बैठक वाचनालयातच भरली. आत. रॅम्पची बैठक, आणि तिला जायला तीन पायऱ्या. स्काउटमास्तरांनी मोठ्या मनाने विचारलं, "उचलून घेऊ का तुला?" मी नको म्हटलं आणि माझ्या नेहमीच्या खिडकीखाली जाऊन थांबले.

टिल्लूने आराखडा चांगला मांडला. रॅम्प दारापासून निघून भिंतीच्या कडेने वळत फाटकापर्यंत जात होता. मग वाचनालयाचे अध्यक्ष खाकरले.

"कल्पना उत्तमच आहे. पण एवढा लांब कशाला? दर्शनी भागाची शोभाच जाईल."

शोभा म्हणजे त्यांची गाडी. ती भिंतीच्या त्याच कडेला, झाडाच्या सावलीत उभी असते. त्या क्षणीही मी तिलाच टेकून होते.

"सरळ दारासमोर घ्या, निम्म्यात काम होईल," ते म्हणाले.

"सर, पण मग चढ दुप्पट होतो," टिल्लू म्हणाला.

"असू दे रे. कुणीतरी ढकलेलच की! माणुसकी काय मेली आहे का?"

सगळे हसले. मी खिडकीखाली वाट बघत राहिले. त्याला एकच वाक्य बोलायचं होतं, 'सर, तिच्या खुर्चीला मुठीच नाहीत.' ते वाक्य त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. स्काउटमास्तर म्हणाले, "बघ बाबा, आज मंजुरी घेतलीस तरच तुझ्या वाढदिवसाच्या आत काम उरकेल."

"हो सर," टिल्लू म्हणाला.

घरी येताना तो माझ्या बाजूने चालत होता, पण अर्धं पाऊल मागे, म्हणजे मला त्याचं तोंड दिसू नये.

"नंतर वाढवून घेऊ, ताई. बिल्ला मिळाला की मी स्वतः..."

"काँक्रीट काय झाड आहे, वाढायला?"

"तुला काय जातंय बोलायला? इतकी वर्षं घातलीत मी ह्याच्यात!"

"आणि मी किती घातली?"

तो झपाझप पुढे निघून गेला. आमच्या घरात अबोला धरायला कुणाची मंजुरी लागत नाही.

रॅम्प झाला. पोरांनी राबून केला, खोटं कशाला बोलू? कडेला कठडा, वर रंग, पायथ्याशी टिल्लूच्या नावाची पाटी. उद्‌घाटनाच्या आदल्या संध्याकाळी, सगळे गेल्यावर मी एकटीच तिथे जाऊन पाहिलं. दात-ओठ खाऊन अर्ध्यापर्यंत गेले. पुढे हातच उठेनात. कठड्याला धरून, इंच इंच सोडत खाली आले.

उद्‌घाटनाच्या सकाळी मला जाग आली ती कसल्याशा कुरकुरीने. माझी खुर्ची पलंगाजवळ नव्हती. खोलीच्या मधोमध होती आणि तिच्यामागे, इस्त्रीचा गणवेश घालून, गळ्यात स्कार्फ बांधून टिल्लू गुडघ्यांवर बसला होता. हातात पाना होता. शेजारी कपाटावरची धूळ पुसलेली एक मूठ पडली होती. दुसरी बसवून झाली होती.

"काय करतोस?"

तो दचकला. पण हात थांबला नाही.

"आजच्यापुरतं, ताई. अध्यक्ष तुला वर नेणार आहेत. सगळ्यांसमोर नुसते चाचपडत राहिले तर कसं दिसेल?"

मी ओरडले असते, खुर्ची ओढून घेतली असती. पण खुर्ची त्याच्याकडे होती आणि मी पलंगावर. आई दारात येऊन उभी राहिली. "एक दिवस मिरवू दे गं त्याला," ती म्हणाली. "तुझं काय झिजणार आहे?"

फीत कापली गेली. अध्यक्षांना मुठी बरोबर सापडल्या. त्यांनी मला वर ढकललं, मधे धाप लागली तेव्हा स्काउटमास्तरांनी हात लावला, टाळ्या झाल्या, फोटो निघाले. टिल्लूच्या छातीवर बिल्ला लागला. आयुष्यात पहिल्यांदा मी वाचनालयाच्या आत होते आणि मला एकाही पुस्तकाचं नाव वाचता येत नव्हतं, डोळे इतके भरले होते. लोकांना ते आनंदाश्रू वाटले. ग्रंथपालबाई माझ्याजवळ वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "छान झालं हो. पण रोज दुपारी तुला ढकलायला कोण येईल? घरी विचारून सांग मला."

घरी आल्यावर मी टिल्लूला म्हटलं, "काढ त्या."

त्याने खिसे चाचपले. "पाना तिकडेच राहिला वाटतं. उद्या आणतो." आणि फोन वाजला म्हणून तो बाहेर गेला. अभिनंदनाचे फोन होते.

मी खिडकीशी बसून राहिले. आई केर काढत आली. इतकी वर्षं ती माझ्यापाशी येऊन थांबायची, "सरक गं जरा" म्हणायची, आणि मी सरकायचे. आज तिने केरसुणी एका हातात घेतली, दुसऱ्याने मूठ धरली आणि मला खिडकीपासून ओढून भिंतीशी लावलं. मग माझ्या जागेचा केर काढून ती पुढच्या खोलीत गेली.