देवघरातले शंभर दाणे

धम्मशीला आमच्या घरी पहिल्यांदा आली ती आषाढात, कृषी महाविद्यालयाच्या आणखी चार मुलींबरोबर. पाचही जणींच्या डोक्यावर कॉलेजचं नाव छापलेल्या टोप्या आणि काखेत जाडजूड वह्या. बी.एस्सी. कृषीच्या शेवटच्या वर्षी एक सत्र गावात राहायचं, एकेका शेतकऱ्याच्या हाताखाली शिकायचं, आणि आपण वर्गात शिकलेलं त्याला करून दाखवायचं, असा त्यांच्या विद्यापीठाचा अभ्यासक्रमच आहे. कृषिकन्या म्हणतात त्यांना. आमच्या उंद्री गावात आमच्या घराच्या वाट्याला ही आली.

आमच्या ह्यांनी, म्हणजे किसनरावांनी, बसल्या जागेवरून विचारलं, "पोरी, वखर धरला काय कधी हातात?"

"नाही काका."

"मंग मले काय शिकवशीन तू?"

"शिकवायला नाही, शिकायला आले. पण तुम्ही चुकलात तर सांगीन."

हे मला म्हणाले, "चहा टाक वं. हे पोरगी जड जाणार मले."

मुली गावातच खोली करून राहत होत्या, पण हिचा दिवस आमच्याकडेच जायचा. तिच्या वहीतले विषय मी हळूहळू ओळखायला लागले. मृदाशास्त्र म्हणजे माती, कीटकशास्त्र म्हणजे अळ्या, रोगशास्त्र म्हणजे पानांवरचे डाग, आणि कृषी विस्तार म्हणजे आमच्या ह्यांना पटवणं. हा शेवटचा सगळ्यात अवघड, असं ती म्हणायची. मला वाटायचं, माझे जसे वार आहेत, सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, तसेच हिचेही. फक्त उपास नाहीत. दहा वाजले की दारातून आवाज यायचा, "काकू, पोळी झाली का?"

पोर मूळची बीबी गावची. तिचे वडील तिथल्या बी-खतांच्या दुकानात पोती उचलतात. एकदा दळण निवडता निवडता ती म्हणाली होती, "बी उगवलं नाही की लोक दुकानावर येतात, काकू. मालक गल्ल्यामागं बसलेला असतो. समोर माझे बाबा. पहिल्या शिव्या त्यांना." म्हणून तिला पुढं बियाणे तंत्रज्ञानात एम.एस्सी. करायची होती. बाकीच्या मुलींपैकी दोघी बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करत होत्या, एकीचं लग्न ठरलेलं होतं. हिचं आपलं बी एके बी.

तर गोष्ट बियाण्याचीच आहे.

आमचे चार एकर हरभऱ्याचे. ह्यांनी घरचंच बी राखलं होतं, मागच्या खोलीत पोत्यांत. नवरात्राच्या आधी धम्मशीलानं त्या पोत्यांत हात घातला, दाणे नाकाशी नेले आणि विचारलं, "काका, पावसाळ्यात ही पोती कुठं होती?"

"इथंच. काऊन?"

"भिंतीला ओल आहे. उगवण तपासू या."

"वीस वर्षं झाले घरचं पेरून राह्यलो म्या! आलं नाही असं झालं नाही." हे घुश्शात आले. घरच्या बियाण्याला नाव ठेवणं म्हणजे घरच्या सुनेला नाव ठेवण्यासारखं. पण ती हटली नाही. उगवणशक्तीचं प्रात्यक्षिक तिला तसंही करायचंच होतं. अष्टमीला तिच्या पुष्पांजली मॅडम मूल्यमापनाला येणार होत्या, आणि दसऱ्यानंतर मुलींचा गावातला मुक्काम हलणार होता. सरसकट शंभर दाणे मोजायचे, निवडून चांगले घ्यायचे नाहीत, ओल्या गोणपाटात दहा-दहाच्या ओळीत ठेवून गुंडाळायचे, पाचव्या दिवशी मोजायचे. पंच्याऐंशीच्या वर मोड आले तर बिनघोर पेरा. सत्तरच्याही खाली आले तर पेरूच नका.

"आन् पेरलं तर?" ह्यांनी विचारलं.

"तर चार एकरात रिकामी जागा दिसेल, काका. आणि गाव विचारेल, कृषिकन्या होती ना तुमच्याकडं?"

चतुर्थीला ती गोणपाटाचा तुकडा घेऊन घरभर फिरत होती. ओसरीवर कोंबड्या, मागं उंदीर, स्वयंपाकघरात चुलीची धग. शेवटी देवघराच्या उंबऱ्याबाहेर थांबून म्हणाली, "काकू, इथल्या कोनाड्यात चालेल? नाही चाललं तरी राग नाही."

मी क्षणभर थांबले. खोटं कशाला लिहू, थांबले. चार महिने ती पोर उंबऱ्याबाहेर थांबत होती, आणि मी तिला आत ये म्हटलं नव्हतं. तिनं कधी मनाला लावून घेतल्याचं दाखवलं नाही, हे तर मला जास्तच लागलं.

"चालतं," मी म्हटलं. "आत घटात आम्ही धान्यच तर पेरलंय. पण बाई, देवघरात गोणपाट नको." ह्यांचं जुनं धुतलेलं धोतर होतं. ते फाडून मी त्याचा तुकडा तिला दिला. ती आत आली, कोनाड्याशी बसून दाणे मांडले, पाणी शिंपडलं आणि गुंडाळी ठेवून गेली. मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की दोन दिवसांनी अष्टमीच्या नैवेद्याच्या उसळीसाठी मूठभर हरभरा भिजवला, तोही त्याच धोतराच्या उरलेल्या तुकड्यात बांधून त्याच कोनाड्यात ठेवला. तिथं जागा छान थंड होती.

माझा एक नेम आहे. पहाटे अंघोळ केली की जपाच्या अकरा माळा पूर्ण होईपर्यंत बोलायचं नाही. अकरा वर्षांत मोडला नव्हता. सासूबाई गेल्या त्या दिवशीही नाही.

अष्टमीला मी अंधारातच उठले. समईच्या उजेडात कोनाड्यातली हाताला लागली ती गुंडाळी काढली, उघडली, आणि हात जोडले. बोटाच्या पेराएवढे मोड आले होते! काहींना मात्र काहीच नव्हतं, पण म्हटलं, देवीनं दिलं तेवढं गोड मानावं. उसळ अलगद फोडणीत टाकून वाफवली. देवीसमोर वाटी ठेवली, गाईला चिमूटभर पानावर दिलं, उरलेली पातेल्यात झाकली आणि माळ घेऊन बसले.

सहाव्या माळेला ह्यांनी पातेल्याचं झाकण काढल्याचा आवाज आला. नैवेद्य दाखवून झाला होता, शेतात जायची घाई, म्हणून चमचा घेऊन ओसरीवर पातेलंच घेऊन बसले असतील. आणि त्याच वेळी धम्मशीला आली. आज निकाल. तिची वही, पेन, धुतलेले हात. कोनाड्यातली पुरचुंडी काढून तिनं उघडली.

"हे माझं नाही," ती स्वतःशीच बोलली. "हे तर परवाचे भिजवलेले दिसतात. ओळी कुठं गेल्या?"

माझ्या बोटांत मणी तसाच राहिला. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी तिच्याकडं. बोलता येत नव्हतं. ती इकडं तिकडं शोधायला लागली, कोनाड्यात हात घालून, घटाच्या मागं वाकून. ओसरीवरून चमच्याचा आवाज येतच होता.

"अहो! खाऊ नका ते!"

माझाच आवाज, आणि तोही मोठ्यानं. ओसरीवरचा चमचा थांबला. हे पातेलं घेऊन दारात आले. तोंड भरलेलं, डोळे मोठे.

"तू बोलली?" घास गिळून म्हणाले. "जप झाला?"

"नाही झाला. ते तिचे शंभर दाणे आहेत. मी शिजवले."

धम्मशीला तिथंच खाली बसली. मला वाटलं आता रडेल. मी माळ ठेवून तिच्याजवळ गेले. तिची पाच दिवसांची मेहनत मी मोहरी घालून फोडणीला टाकली होती, आणि दहा वाजता मॅडम येणार होत्या.

ह्यांना मात्र तोडगा सापडला. "अवं, त्यात काय एवढं! लिही नव्वद. घरचं बी हाय, नव्वद तर येणारच. कोण पाह्यते?"

"काका, मार्क मला मिळतील," ती हळू म्हणाली. "पण पेरणार तुम्ही."

"म्हंजे?"

"म्हणजे नव्वद लिहिलं तर तुम्ही पेराल."

तिनं पातेल्यात डोकावून पाहिलं. मग जवळून पाहिलं. एक दाणा बोटांवर घेतला.

"काकू, ढवळलं नाही ना जास्त?"

"नाही गं. देवाची उसळ, अलगदच केली."

"मोड तसेच आहेत." ती उठून उभी राहिली. "ताट द्या एक."

मी परात दिली. तिनं पातेलं उपडं केलं आणि दाणे दोन बाजूंना लावायला लागली, मोड आलेले इकडं, न आलेले तिकडं. शिजले तरी कळत होतं. उगवलेला दाणा टोकाशी फुटलेला होता, दुसरा तसाच गोल. हे उकिडवे बसून बघत होते. मोजून ती म्हणाली, "एकोणसत्तर. काकू, बाकीचे?"

बाकीचे देवीसमोर होते. मी वाटी उचलली आणि तिच्या हातात दिली. ती घेताना थबकली. मी म्हटलं, "मोज. तिच्या घरी खोटं नको."

वाटीत वीस निघाले. एकूण एकोणनव्वद. मोड आलेले एक्कावन्न.

"अकरा कुठं गेले?" तिनं विचारलं.

मी ह्यांच्याकडं पाहिलं. ह्यांनी गोठ्याकडं पाहिलं.

"गाईनं आन् म्या मिळून," हे म्हणाले. मग एकदम उजळले. "पाह्य! ते अकरा चांगलेच व्हते. लांब लांब मोड, चावतानी कळलं मले!"

"धरले, काका. अकराच्या अकरा उगवले धरले. किती झाले?"

हे बोटांवर मोजत बसले. मला हसू आलं, पण मी दाबलं.

"बासष्ट," शेवटी म्हणाले. आवाज खाली आला होता. उठून मागच्या खोलीत गेले. बराच वेळ आले नाहीत.

मॅडम दहाला आल्या. चाळिशीच्या, उन्हानं रापलेल्या, पायात बूट. धम्मशीलानं वही उघडून दिली. तिनं जसं झालं तसंच लिहिलं होतं: नमुना पाचव्या दिवशी सकाळी यजमानांकडून चुकून शिजवला गेला, अकरा दाणे उपलब्ध नाहीत, उर्वरित एकोणनव्वदपैकी एक्कावन्न अंकुरित.

मॅडमनी ते दोनदा वाचलं. "यजमान कोण?"

"मी," मी म्हटलं. "चूक माझी आहे. पोरीला त्याची शिक्षा नको."

"जयमालाताई, शिजवलेल्या नमुन्यावर मी उगवणशक्तीचे मार्क नाही देऊ शकत. ते हिलाही माहीत आहे." धम्मशीलानं मान हलवली. तिचा चेहरा उतरला. मॅडम वही चाळत होत्या. "आणि हे विस्तारचं पान कोरं का? शेतकऱ्यानं शिफारस स्वीकारली की नाही, ते लिहायचं असतं इथं."

"अजून विचारलं नाही, मॅडम. काका रागावले असतील."

तेवढ्यात मागून पोतं ओढत हे आले. अंगभर धूळ. पोतं ओसरीवर आणून आपटलं.

"हे डाळीले," मला म्हणाले. "दुसरे दोन अजून आणतो. भिंतीकडून पार काळे पडले हायेत, म्या वरूनच पाहत होतो." मग मॅडमकडं वळले. "तुमच्या पोरीनं माह्या बियाले नापास केलं. आता तुमी तिले नापास करता काय?"

मॅडम हसल्या नाहीत. "पेरणार काय मग?"

"चिखलीहून प्रमाणित बियाच्या बॅगा आणतो उद्या. पण त्याच्यावर बी माहा इस्वास नाही आता." ते धम्मशीलाकडं वळले. "त्यातले बी शंभर मोज. निवडून घेजो नको. दसऱ्यानंतर तू जाशीन तव्हा जाशीन, पाचवा दिवस होईस्तोर राह्य."

धम्मशीलानं मॅडमकडं पाहिलं. मॅडमनी पेन काढलं, विस्तारच्या पानावर 'शिफारस स्वीकारली' असं लिहिलं आणि वही तिच्याकडं दिली. "नवा नमुना लाव. पाचव्या दिवशी मी परत येते. पण ह्या वेळी गोणपाटात, आणि त्यावर तुझं नाव."

"आन् देवघरात नको," हे म्हणाले. "माह्या उशाशी ठेव. मी रातभर राखण करतो. ह्या बाईचा नेम नाही."

"नेम आहे म्हणूनच तर झालं, काका," धम्मशीला म्हणाली, आणि परातीतल्या एक्कावन्न दाण्यांतला एक उचलून तोंडात टाकला. "पण उसळ छान झाली, काकू. मीठ जरा कमी आहे."