आमच्या रिकाम्या जागेचे बूच

मित्रांनो, एका जुन्या मोटारीच्या पोटातून काढलेला मी एक दांडा आहे. कारखान्यात मला बॅलन्स शाफ्ट म्हणत. लांबीला तुमच्या हाताएवढा, पोलादाचा आणि एका बाजूने मुद्दाम जड ठेवलेला. मला पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते, घडवणाऱ्याचा हात चुकला असावा. तसे नाही. मला अगदी माझ्यासारखाच एक जुळा भाऊ आहे. इंजिनाच्या तळाशी, तेलाच्या टाकीच्या जरा वर, आम्ही शेजारी शेजारी बसत असू. इंजिनातले दट्टे वर-खाली धावू लागले की सगळ्या इंजिनाला थरथर सुटते. आम्ही दोघे एकमेकांच्या उलट दिशेने गरगर फिरत असू आणि आमच्या जड अंगाने ती थरथर तिथल्या तिथे जिरवत असू. कोणाला काही जाणवू न देणे, हेच आमचे काम.

आमच्या मोटारीचे मालक शिंपीकाका. त्यांची पत्नी परिचारिका. डोंगरापलीकडच्या घरांमधल्या बाळंतिणींना तपासायला त्या याच मोटारीने घाट चढून जात. गाडी नवी होती तेव्हा काकांनी चालू इंजिनावर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवून शेजाऱ्यांना दाखवला होता. "बघा, थेंब सांडत नाही!" लोकांनी इंजिनाची तारीफ केली, काकांची केली, कोणीतरी पेल्याचीही केली. आमचे नाव कोणाला ठाऊकच नव्हते. तरी त्या दिवशी आम्ही मनातल्या मनात फुललो होतो.

वर्षे गेली. आम्हाला फिरवणारी साखळी सैल पडली आणि इंजिनातून खडखड येऊ लागली. साखळी तुटली असती तर तिच्या तुकड्यांनी इंजिन फुटले असते. तसली साखळी आता कोणी बनवत नव्हते. परिचारिकाबाईंचा धाकटा भाऊ बसगाड्या दुरुस्त करायचा. त्याने तोडगा काढला.

"दाजी, दोन्ही शाफ्ट काढून टाकू. गाडी थरथरेल, पण दगा देणार नाही."

"नक्की ना, मेहुणे? दुपारी तुझ्या ताईला बाळंतिणीला घरी सोडायचंय. बाळ चार दिवसांचं आहे, आणि मध्ये घाट आहे."

"नक्की."

त्या सुट्टीच्या दिवशी सकाळीच मोटार घराशेजारच्या शेडमध्ये लोखंडी टेकूंवर, म्हणजे घोड्यांवर, चढवली गेली. टाकी उतरली आणि पाठोपाठ आम्हीही उतरलो. इतक्या वर्षांनी अंगाला वारा लागला, पण सुख वाटले नाही. कारण आमच्या मागे एक भोक उघडे राहिले होते. आम्हाला तेल मिळायचे ते त्याच भोकातून. आम्ही गेल्यावर ते कायमचे बुजवायला हवे. नाही तर सगळे तेल तिथूनच गळून जाते, इंजिनाचे वरचे भाग कोरडे पडतात आणि चालता चालता इंजिन जखडते.

मेहुण्याला हे ठाऊक होते. त्याने लेथवाल्याकडून आटे पाडलेले पितळेचे बूच करून आणले होते आणि टेबलावर माझ्या शेजारी ठेवले होते.

"मेहुणे, या भोकाचं लक्षात आहे ना?" काकांनी गाडीखालून विचारले.

"आहे."

थोड्या वेळाने पुन्हा, "ते भोक, मेहुणे..."

"अहो दाजी, एकच गोष्ट किती वेळा विचारता? हे काय गिऱ्हाईकाच्या कमरेचं माप आहे, दर खेपेला बदलायला?"

काका हसले, पण त्यांना ते लागले. पुढे त्यांनी विचारले नाही.

भोकातून काळे तेल काकांच्या चष्म्यावर ठिबकत होते. त्यांनी औषधाच्या रिकाम्या बाटलीचे रबरी झाकण भोकात दाबून बसवले आणि ते चष्मा धुवायला घरात गेले. पक्की शिलाई घालण्याआधी कच्चा टाका घालायचा, ही त्यांची आयुष्यभराची सवय. गडद कापडावर तो टाका ते नेहमी पांढऱ्या दोऱ्याने घालीत, म्हणजे उसवायचा राहून जात नाही. रबर मात्र काळे होते, आणि तेलही काळे.

मेहुणा गाडीखाली शिरला. भोक बंद दिसले. दाजींनी पितळी बूच बसवले, असे त्याने धरले आणि टाकी वर चढवली. काका परत आले. टाकी चढलेली पाहून मेहुण्याने रबर काढून पितळी बूच बसवले, असे त्यांनी धरले. विचारावे असे त्यांच्या ओठांवर आले होते, पण त्यांनी ते गिळले.

मित्रांनो, ते बूच तेव्हा टेबलावर मी आणि हात पुसायची चिंधी यांच्या मध्ये अडकून पडले होते. ते मला टोचत होते. मला ओरडायचे होते, पण पोलादाला कंठ नसतो. भाऊ पलीकडे पडला होता. त्यालाही कळले होते.

गाडी खाली उतरवली गेली, नवे तेल भरले गेले. परिचारिकाबाई पिशवी खांद्याला लावून शेडमध्ये आल्या आणि टेबलापाशी उभ्या राहिल्या. काकांनी इंजिन चालू केले.

"दिवा विझला!" काका ओरडले. तेलाचा लाल दिवा विझला म्हणजे तेलाला दाब आहे.

"बघितलंत? आता जरा रेस द्या," मेहुणा म्हणाला.

दिवा खोटे बोलत नव्हता. रबर अजून टिकून होते, इतकेच. तेल तापल्यावर ते कुठवर टिकेल? पहिल्या वळणापर्यंत? घाटमाथ्यापर्यंत?

काकांनी रेस दिली आणि इंजिनाला थरथर सुटली. आम्ही इतकी वर्षे जिरवलेली तीच ती थरथर. आता तिला अडवणारे कोणी नव्हते. ती बंपरमध्ये आली. बंपरला टेबलाची कड टेकली होती, म्हणून ती टेबलातही उतरली. मी हादरू लागलो. माझे जड अंग खाली जायला धडपडले, मी कलंडलो, कडेपर्यंत घरंगळलो आणि धाडकन बाईंच्या पायाशी पडलो. माझ्यामागून पितळेचे बूच टणटण करत आले.

बाईंनी ते उचलले.

"अहो, बंद करा आधी!"

"अगं, दिवा विझलाय..."

"दिवा राहू दे. बंद करा!" इंजिन थांबले. "हे कुठलं?"

 मेहुण्याचा चेहरा पांढरा पडला. "दाजी, तुम्ही बसवलं ना?"

"मला वाटलं, तू बसवलंस."

"ऑपरेशनात पोट शिवण्याआधी आम्ही हत्यारांचा ट्रे बघतो," बाई शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही टेबल तरी बघायचं."

टाकी पुन्हा उतरवली. मेहुण्याने रबराला नुसते बोट लावले, तर ते गळून त्याच्या तळहातावर पडले.  मग पितळी बूच बसले, पान्याने आवळले गेले, आणि दोघांनीही आळीपाळीने ते चाचपून पाहिले. टाकी चढली, तेल भरले. बाईंनी बाळंतिणीला उशीर होईल असे फोनवर कळवले आणि त्या निघाल्या.

ती दुपार मला फार मोठी गेली. बूच धरेल ना? संध्याकाळी रस्त्याच्या टोकाकडून एक थरथरता आवाज आला. मी तो लगेच ओळखला. आमच्यावाचूनचा आवाज होता तो.

"कशी चालली?" काकांनी धावत जाऊन विचारले.

"दात वाजले माझे," बाई म्हणाल्या. "बाळ मात्र घाटभर झोपून होतं. पाळण्यात घातल्यासारखं."

मित्रांनो, ज्या थरथरीशी आम्ही जन्मभर झुंजलो, तिच्यात ते बाळ झोपले. मला वाईट वाटले की बरे, हे अजून ठरत नाही.

आता आम्ही दोघे काकांच्या कापायच्या टेबलावर असतो. कापडाच्या दोन टोकांवर काका आम्हाला वजन म्हणून ठेवतात. कापड हलत नाही. मेहुणा अधूनमधून गाडीचे तेल बदलायला येतो. तेव्हा काका त्याला विचारतात, "बूच आवळलंस ना?" थोड्या वेळाने पुन्हा विचारतात. तो आता टोमणा मारत नाही. मुकाट्याने पुन्हा गाडीखाली जातो आणि बघून येतो.

म्हणून एकच विनंती. जुने झालेले काढून टाका, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण ते जिथे होते ती जागा नीट बुजवा. आणि कोणी दुसऱ्यांदा विचारले तर त्याला हसू नका.