दगडापर्यंत आणि परत

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. शिंप्याच्या गळ्यात असते तसली. माझे पहिले तीन इंच पुसून गेले आहेत आणि एका टोकाची पितळी पट्टी निघून पडली आहे. कारखान्यात माझ्यासारख्या शेकडो एकाच दिवशी कापल्या गेल्या. मी या दुकानात आले आणि वीस वर्षं मालकांच्या गळ्यात राहिले. "मास्तर, तुमचं माप कधी चुकत नाही," असं गिऱ्हाईक म्हणालं की मालक मला उगाच सरळ करायचे. ती शाबासकी मला माझीच वाटायची. माप बरोबर असूनही माणूस चुकू शकतो, हे मला फार पुढे कळलं.

मालकीणबाई टपाल कचेरीत काउंटरवर बसायच्या. बावन्नाव्या वर्षी एक दिवस त्या दुकानात येऊन म्हणाल्या, "अहो, मी उद्यापासून पळणार."

"कशाच्या मागे? बसच्या?"

"हसा. पण मी पळणार."

त्या खरंच पळाल्या. चार दिवस. मग बंद. पुन्हा सुरुवात केली, ती नऊ दिवस टिकली. बरोबरीची एक बाई रोज फोनवर अंतर दाखवायची, तिथे सगळं बिघडायचं. "पाव किलोमीटर? एवढंसंच? मला वाटलं मी गाव ओलांडून आले!" तिसऱ्या वेळी त्यांनी मालकांना बजावलं, "मला आकडा सांगायचा नाही. आकडा ऐकला की माझं मनच बसतं."

मालकांनी त्यावर एक युक्ती काढली. पहाटे ते मला घेऊन कालव्याकाठी गेले. पुलापासून गुडघ्यांवर रांगत, मला जमिनीवर टाकत आणि उचलत, त्यांनी शंभर टेपा वाट मोजली. दूधवाला सायकल थांबवून बघत होता.

"काय मास्तर, रस्त्याला विजार शिवताय?"

"हो ना, उंचीला जरा कमी पडतोय."

शंभराव्या टेपेला त्यांनी चुना लावलेला एक दगड ठेवला आणि मालकीणबाईंना सांगितलं, "दगडापर्यंत आणि परत. बाकी काही विचारायचं नाही." मग दर रविवारी त्या उठायच्या आत ते दगड दहा टेपा पुढे सरकवायचे. काठ सगळा एकसारखा, झाडं एकसारखी. त्यांना पत्ता लागला नाही. चार महिन्यांत वाट जवळजवळ तिप्पट झाली. त्या मात्र समजत होत्या, आपण तेवढंच पळतो, फक्त आता रडत नाही. मालक हळूच हसायचे. मलाही त्या खोटेपणाचं काही वाटलं नाही. मालकीणबाईंची कंबर दोन इंचांनी उतरली होती आणि ती मीच मोजली होती.

मग शाळेच्या गणवेशांची घाई आली. तीन रविवार मी पहाटे कालव्यावर गेले नाही. दगड होता तिथेच राहिला.

त्याच दिवसांत मालक एका संध्याकाळी मालकीणबाईंच्या नव्या सलवारीचं माप घेत होते. मोहरीसाठी, म्हणजे सलवारीच्या खालच्या घेरासाठी, मला घोट्याभोवती गुंडाळलं आणि ते थबकले.

"अगं, घोटा इंचभर वाढलाय की."

"पळून पळून भरले असतील पाय."

"खेळाडू झालीस!" असं म्हणून त्यांनी मोहरी सैल धरली. मला काढल्यावर माझ्या कडेचा वळ त्यांच्या कातडीवर उमटून राहिला. मी खुंटीवरून बघत होते. बराच वेळ तो गेला नाही. मला बोलता आलं असतं तर मी तेव्हा ओरडले असते.

चार दिवसांनी मालकीणबाई सकाळी पळून थेट दुकानात आल्या आणि बाकावर बसल्या. "अहो, दगड गाठेपर्यंत तीनदा थांबले. महिनाभरापूर्वी एका दमात जात होते. मला नाही जमत. सोडून देते मी."

मालकांना भीती वाटली ती एवढीच, की ही पुन्हा सोडेल. ते म्हणाले, "वेडे, तो दगड मी दर रविवारी पुढे सरकवतोय!"

 मालकीणबाईंनी हातातला टॉवेल मालकांच्या पाठीत मारला. "लबाड कुठले! म्हणजे वाट वाढली म्हणून दम लागतोय?"

"मग काय तर!"

तीन रविवार वाट एक इंचही वाढली नव्हती. हे मला ठाऊक होतं आणि मालकांनाही.

त्या खुशीत घरी गेल्या आणि आठ दिवस जास्तच जोमानं पळाल्या. नवव्या दिवशी दगडापाशी खाली बसल्या, त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत.

मी मालकांच्या गळ्यात होते, तशीच दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी घोट्यावर अंगठा दाबला. खळगा पडला आणि तसाच राहिला.

"पाय कधीपासून सुजलेत?"

मालक म्हणाले, "ती सूज होती?"

हृदय थकलं की पायांत पाणी साठतं, असं डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. पाचव्या दिवशी मालक एकटे घरी आले.

त्यानंतर वर्षभर मी खुंटीवर धूळ खात होते. दुकान अर्धा दिवस उघडं असायचं. गेल्या महिन्यात मालकीणबाईंची धाकटी बहीण आली. ती सत्तेचाळीस वर्षांची आहे. "भाऊजी, मलाही पळायचंय. नाही म्हणाल का?"

मालकांनी हातातली कात्री खाली ठेवली. मग त्यांनी दुकानाचं दार ओढून घेतलं. "पळ. पण आधी डॉक्टरांकडे. आत्ता चल."

आता ते रोज तिच्याबरोबर जातात. ती पळते आणि ते मागून चालत येतात.

मित्रांनो, तुमच्या आईनं, बाबांनी, मावशीनं या वयात पळायला घेतलं तर हसू नका. त्यांचं मन पुन्हा पुन्हा बसेल, त्यांना धीर द्या. पण "आज जमत नाही" असं ते म्हणाले, तर धीर देण्याआधी विचारा, काय होतंय? आणि त्यांचं सांगून होईपर्यंत मध्ये बोलू नका.