टेपवरची घरघर

सुमंतने सुई उचलली आणि नवी कोरी तबकडी पुन्हा शेवटच्या गाण्यावर लावली.

"आता नीट ऐका हं. मघाशी आवाज कमी होता."

फ्रीमाँटच्या त्या टाउनहाउसमध्ये महाराष्ट्र मंडळाची दहाबारा माणसं वड्यांच्या बशा हातात धरून गप्प झाली. सुमंतची बायको उत्तरा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातातल्या गाळण्यातून चहा फरशीवर ठिबकत होता, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

गाणं नऊ मिनिटांचं. पन्नासेक वर्षांपूर्वी, उत्तरा बर्कलीत शिकत असताना, 'पेपर मिल' नावाच्या बँडमधल्या चार झिपऱ्या पोरांनी तिला कॉलेजच्या कार्यक्रमात तंबोऱ्यावर ऐकलं आणि थेट स्टुडिओत नेलं. चार दिवस ती तिथे मांडी घालून बसली. तारांखालचा जवारीचा दोरा जागेवर येऊन तारा गुंजायला लागेपर्यंत रोज तासभर जायचा, आणि काचेपलीकडचा रेकॉर्डिस्ट विचारायचा, ही वाजवायला कधी लागणार? रेकॉर्ड कंपनीला एवढं लांबलचक गाणं नकोच होतं. त्या भांडणात 'स्लो हार्बर' हा अख्खा अल्बम दीड वर्ष कपाटात पडून राहिला. निघाला तेव्हा त्याला कुत्रंही विचारेना, आणि दहा वर्षांनी नेमकं त्याच गाण्यासाठी पोरं तो हुडकत फिरू लागली. मग तो जपानात निघाला, कॅसेटवर निघाला, सीडीवर निघाला. पाकिटामागे दर वेळी छापलेलं तेच: 'भारतीय वाद्य: एक मैत्रीण'.

या एका ओळीपायी सुमंतने निवृत्तीनंतरची दोन वर्षं कंपनीशी भांडण्यात घातली. पत्रं लिहिली, जुने फोटो धाडले, वकिलाची धमकी दिली. शेवटी या पन्नाशीच्या आवृत्तीत नाव आलं, तेही माहेरच्या आडनावासकट. उत्तरा सबनीस, तंबोरा. वरातीमागून घोडं, पण आलं.

"काकू, यातला तुमचा आवाज कुठला?" शेजारच्या दीपाने विचारलं.

उत्तरा काही बोलणार, तोच सुमंतने बोट वर केलं.

"हा बघ, आला! खालून कसा भरून येतोय, ऐकलंस?"

"अमेझिंग, यार!" दीपा म्हणाली.

उत्तराने गाळणं सिंकमध्ये टाकलं, पदराला हात पुसले आणि तबकडीच्या खोक्यातली पुस्तिका काढून लेकीपुढे धरली.

"अंतरा, या नव्या आवृत्तीसाठी त्यांनी काय केलंय ते वाच."

अंतराने पान काढलं. मूळ टेपवर सतत ऐकू येणारी खालची घरघर आम्ही प्रथमच पूर्णपणे साफ केली आहे, असं कुणी तरी मोठ्या अभिमानाने लिहिलं होतं. ती मध्येच थांबली.

"आई... दे थॉट यू वेअर नॉइज."

उत्तराच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"घरघर! तासतास दोरा सरकवून आणलेली जवारी, ती यांना घरघर वाटली! पन्नास वर्षं मी होते, तर नाव नव्हतं. आता नाव छापलं, आणि मलाच पुसून टाकलं!"

खोलीत कुणी वडा चावेना.

"अगं, टेक्निकल मिस्टेक असेल," सुमंत म्हणाला. "उद्या मेल करतो. पण नाव तर आलं ना?"

"नाव काय चाटायचंय? अंतरा, मेल तू कर. पुढच्या छपाईत माझं नाव काढा म्हणावं. जिथे मी वाजवलेलं नाही, तिथे माझं नाव नको."

"दोन वर्षं भांडलोय मी, उत्तरा."

दीपाने हळूच बशी खाली ठेवली. सुमंतने पुढे होऊन सुई उचलली.

"म्हणजे मग," त्याने विचारलं, "मी मघाशी दाखवला, तो आवाज..."

"ऑर्गन," उत्तरा म्हणाली. "जुन्या तबकडीवरही तू तोच दाखवायचास."