अर्जुनरावाची फुंक

अर्जुनरावाच्या फुंकीनं एकदा चिखलीला निघालेली एसटी माघारी आमच्या उंद्रीत आली होती. खोटं वाटत असेल तर ड्रायव्हरला विचारा. तो अजून मागं बघूनच गाडी हाकतो.

त्याच्या मळ्यात रोडग्यांचं जेवण असलं की ते कणकेचे गोळे भाजायच्या गोवऱ्या तोंडानंच फुंकून पेटवायच्या, सुपानं वारा घालायचा नाही. पेटवील त्याचा पहिला रोडगा. सुना सगळ्यांच्या शेवटी. त्यामुळं सून संजीवनी, दवाखान्यात नर्स असली तरी, दरवर्षी करपलेली बुडं खायची.

यंदा गोवऱ्या ओल्या निघाल्या. अर्जुनराव फुंकतोय, फुंकतोय. डोळे तारवटले, ओठ बधिर झाले.

"मामाजी, थांबा. जरासा श्वास रोखून धरा," संजीवनी म्हणाली.

"तू मले श्वास घेणं शिकवतं काय वं? कणीक मळ!"

पाहुणे खदखदा हसले. मी शेजारच्या मळ्यातला म्हातारा; बाजेवरून हळूच विचारलं, "काय होऊन राह्यलं त्याले?"

"आबा, लय फुंकलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उडून जाते. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत स्नायू असतात. त्या वायूनंच त्यांच्या पेशीत आंबटपणा राह्यते; तो घटला की ते आवळतात. छातीत हवा मायंदाळ, अन् मेंदूले रक्तच नाही."

"मंग सांग ना त्याले."

"सांगतलं ना." तिनं परातीत मान घातली.

तेवढ्यात अर्जुनराव भेलकांडून आडवा झाला. त्याला वाटलं हवा कमी पडली. गावालाही तेच वाटलं.

"दादा, मोठ्ठा श्वास घ्या! अजून! जोरात!"

तो घेत गेला, तसा मेंदू आणखी उपाशी. हाताची बोटं चोचीसारखी आवळून ताठली. संजीवनीनं सूप उचललं, विस्तव फुलवला, रोडगे भाजले. तोवर गाव ओरडत होतं आणि तो धापा टाकत होता. इतका वेळ कसा, म्हणता? अहो, फुकटचा सल्ला देणारे दमतात का कधी!

पहिला रोडगा तिनं फोडला, तूप ओतलं, त्याच्यासमोर मांडी घालून सावकाश खाल्ला.

"अजून बी रोखा श्वास, मामाजी. सुटते हात."

त्यानं तिच्याकडं डोळे वटारले आणि आणखी मोठा श्वास घेतला.

मग तिनं चिमट्यानं विस्तवातला दुसरा रोडगा काढला आणि त्या चोचीत नीट बसवला.

"घ्या. हा तुमचा."

बोटं उघडेनात. कातडं चरचरलं. अर्जुनरावाला बोंब मारायची होती. त्या बोंबेसाठीही आधी मोठा श्वासच घ्यावा लागला.