मी लंगडीच्या घशातला जंतू

मी एक जंतू बोलतोय. तोंडाला रुमाल लावायची गरज नाही. सध्या मी बोटाच्या पेराएवढ्या नळीत गोठून पडलोय, आणि ही नळी ज्या फ्रीजरमध्ये आहे त्याला कुलूप आहे. मनात आलं तरी तुमच्यापर्यंत पोचता येणार नाही.

आधी एक खुलासा करतो. आम्ही एकाचे दोन, दोनाचे चार होत जातो, त्यामुळे माझ्या ‘मी’मध्ये खापरपणजोबांपासून पणतवंडांपर्यंत सगळं खानदान येतं. वारसाहक्काची भांडणं आमच्यात नाहीत, कारण वारशात मिळते ती एकच लांबलचक पोथी. दोन होताना ती उतरवून घ्यायची आणि पुढे द्यायची. उतरवताना चुका होतात, त्या सुधारायला आमच्यात एक कारकून असतो. माझ्याकडे तो आता नाही. ते पुढे सांगेन.

माझा जन्म एका कोंबडीच्या घशात झाला. तिचा एक पाय अधू, म्हणून तिचं नाव लंगडी. पोहायला मला शेपट्या होत्या, अंगावर जाड अंगरखा होता. तिचं शरीर मला हुसकायचं, मी लपायचो. कधीमधी तिला शिंक यायची, इतकंच. आमचं बरं चाललं होतं.

लंगडीची मालकीण अंडी विकून घर चालवायची. सगळे तिला ताई म्हणत. तिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली, तेव्हा धाकट्या भावाने आपलं एक तिला दिलं. भाऊ कुलपं दुरुस्त करणारा, बोलायला कमी. आता दुसऱ्याचं मूत्रपिंड अंगात टिकायचं तर अंगातल्या पहारेकऱ्यांना गुंगीत ठेवावं लागतं, नाहीतर ते त्यालाच चोर समजून झोडपतात. त्यासाठी ताईला रोजच्या गोळ्या लागल्या, आणि डॉक्टरबाईंनी बजावलं की कोंबड्या बंद.

ताईने अकरा कोंबड्या शेजारणीला देऊन टाकल्या. लंगडीला मात्र कोणी घेईना. मग ती मागच्या पायऱ्यांखाली एका खोक्यात राहिली. भावाला सांगितलं गेलं की ती शेजारणीचीच आहे, येते आपली फिरत फिरत.

दाणे टाकताना ताई न चुकता मास्क लावायची. पण मास्कमधली बाई लंगडीच्या ओळखीची नव्हती. ती कोपऱ्यात अंग चोरून बसायची, दाण्याला तोंड लावायची नाही. ताईने दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी मास्क हनुवटीखाली ओढला आणि म्हणाली, “अगं, मीच आहे.” लंगडी लगबगीने आली, मांडीवर बसली आणि तोंडावरच शिंकली. असा मी माणसात आलो.

आत आलो आणि चक्रावलोच. वेशीवर चिटपाखरू नाही, पहारेकरी पेंगत पडलेले. लंगडीत शंभरातला एखादा वाचायचा, इथे सगळेच वाचायला लागले. एकाच्या पोथीत शेपटीचं पान चुकलं, तरी तो जगला. पळायचं नसेल तर शेपटी हवी कशाला? उलट तेवढा खर्च वाचला म्हणून तो सुखातच राहिला. दुसऱ्याचं अंगरख्याचं पान गेलं, त्याचंही काही बिघडलं नाही. मग एकाच्या पोथीत खुद्द कारकुनाचंच पान चुकलं. तिथून पुढे चुका सुधारणारं कोणी उरलं नाही. चुकांचा सुळसुळाट झाला. बहुतेक चुकांनी आमचीच माणसं मेली, पण एखादी चूक कामाला यायची.

ताईला खोकला लागला, तापही येऊ लागला. डॉक्टरबाईंनी तीन आठवड्यांच्या गोळ्या दिल्या. त्या नीट पोटात गेल्या असत्या तर माझी कहाणी तिथेच संपली असती, आणि मी तक्रारही केली नसती.

पण लंगडीही खोकत होती. ताईने पहिल्याच सकाळी गोळीचे दोन तुकडे केले. एक स्वतः घेतला, दुसरा चुरून दाण्यात कालवला. “खोकला दोघींना एकच, मग औषधही एकच,” असं ती लंगडीला समजावत होती. रोज हेच चाललं. तिच्या मनात पाप नव्हतं. घरात जे येईल त्यातलं अर्धं दुसऱ्याला द्यायचं, हेच तिने आयुष्यभर केलं होतं.

अर्ध्या गोळीने आमच्यातले साधे मेले. ज्याच्या पोथीत चुकून औषध बाहेर फेकायची युक्ती उमटली होती, तो उरला. मी त्याच्याच वंशातला. यात माझा पराक्रम काही नाही, चूक पथ्यावर पडली एवढंच.

खोकला दोन आठवडे दबला आणि दुप्पट होऊन आला. गोळ्या पुन्हा झाल्या, त्याही अर्ध्या. शेवटी ताईला इस्पितळात ठेवलं, आणि माझ्यातले काही जण प्रयोगशाळेत काचेच्या ताटलीवर जाऊन बसले. तिथल्या तंत्रज्ञ बाई कडक स्वभावाच्या. ताटलीत आमच्या वस्तीचे मोठे चकचकीत ठिपके आले, शेजारी बारीक खरबरीत ठिपके आले. एखाद्याने नमुना खराब झाला म्हणून फेकून दिला असता. बाईंनी तो ठेवला, दोन्ही प्रकारच्या ठिपक्यांची पोथी वाचली आणि डॉक्टरबाईंना कळवलं की हे एकाच घरातले आहेत, आणि घर बहुधा पक्ष्याचं आहे. पक्ष्यांशी संबंध येतो का, असं डॉक्टरबाईंनी ताईला विचारलं. ताई नाही म्हणाली.

मी तिच्या फुप्फुसात होतो. ते नाही म्हणताना तिचा श्वास कसा अडकला, ते मला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी भावाला बोलावून सगळं स्पष्ट सांगितलं. औषध का लागू पडत नाही ते समजत नव्हतं. आता पहारेकऱ्यांच्या गुंगीच्या गोळ्या थांबवून त्यांना जागं करणं हाच उपाय दिसत होता, आणि ते जागे झाले तर भावाने दिलेलं मूत्रपिंड जाण्याची दाट शक्यता होती.

भाऊ खाटेशी येऊन बसला. “गेलं तर जाऊ दे, ताई,” तो म्हणाला. “तू राहा म्हणजे झालं.”

तो रागावला असता तर ती गप्प राहिली असती. हे तिला सोसवलं नाही. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “लंगडी माझीच आहे रे. अर्धी गोळी मी तिला देत होते. तू दिलेलं मी घालवलं.”

भावाने विचारलं, “बरी झाली का ती?”

“नाही.”

“मग दोघींनाही अर्ध्याचा उपयोग नाही,” तो म्हणाला, आणि तिचे डोळे आपल्या रुमालाने पुसून डॉक्टरबाईंना शोधायला गेला.

तिच्या त्या कबुलीने माझं नशीब फिरलं. लंगडीच्या घशातून नमुना आला, तिच्यातल्या आणि ताईतल्या जंतूंच्या पोथ्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या गेल्या, माझं कुठे काय चुकलंय ते कळलं, आणि माझ्या चुकांमधून मला मारणारी दोन औषधं निघाली. पहारेकऱ्यांना उठवायचं त्यांनी लांबणीवर टाकलं. रोज सकाळी भाऊ दुकान उघडायच्या आधी यायचा, ताईला गोळ्या गिळायला लावायचा आणि लहान मुलासारखं तोंड उघडून दाखवायला सांगायचा. ती चिडायची, पण दाखवायची. पाच महिन्यांत तिच्यात माझं कोणी उरलं नाही. मूत्रपिंड शाबूत राहिलं.

माझ्या माणसांसाठी मला वाईट वाटलं. तिचा मोकळा श्वास मात्र मी तिथे असतानाच शेवटी शेवटी ऐकला होता, आणि तो ऐकायला चांगला होता.

आता फ्रीजरमध्ये माझ्या शेजारची नळी लंगडीची आहे. त्यातले माझे भाऊबंद मला ओळखणार नाहीत. शेपटी नाही, अंगरखा नाही, मला आता कोंबडीत जगता येत नाही. पेंगलेल्या पहारेकऱ्यांनी आणि मायेने कापलेल्या गोळीने मला असं घडवलं. म्हणून हात जोडून सांगतो, अर्थात मला हात नाहीत, घासातला घास वाटा, औषध मात्र ज्याचं त्याला पूर्ण द्या.

लंगडी भावाच्या घरी आहे. तिला पशुवैद्यांनी तिचं वेगळं औषध दिलं. ताई तपासणीला आली की तंत्रज्ञ बाईंना तिची हकीगत सांगते, तीच माझ्याही कानावर येते. रविवारी ती भावाकडे जाते आणि बंद खिडकीच्या काचेआड बसते. मग मास्क काढते. लंगडी अंगणातून लंगडत येते आणि काचेला चोच लावून उभी राहते.