साखर मागायला गेलेल्या वाट्या

परदेशात नांदणाऱ्या धाकटीने माहेरी एक गोष्ट कधी कळू दिली नव्हती, ती म्हणजे आपण गरीब आहोत. फोटोंत सगळं होतं. कपडे धुवायचं मशीन, कपाटाएवढा फ्रिज, पायाखाली गालिचा. खोटं त्यात काहीच नव्हतं, नुसतं अर्धं होतं. दोघं नवरा-बायको कामाला जुंपलेली, तरी हीटर लावणं परवडत नाही आणि महिनाअखेर डबे खडखडतात, हे उरलेलं अर्धं फोटोत मावत नव्हतं.

आणि यंदा थोरलीच्या लेकाने आईला विमानात बसवून दिलं. शिवणयंत्रावर अख्खा संसार ओढणारी थोरली, मशीनपेक्षा तोंड भरधाव, बहिणीकडे येऊन थडकली.

आल्या आल्या तिने गरम पाण्याचा नळ सोडला आणि त्यालाच हात जोडले. तिच्या गल्लीत पाणी एक दिवसाआड, तेही देवाच्या मनात आलं तर. मग तिने फ्रिज उघडला.

"अगं, एवढं मोठं देऊळ आणि गाभाऱ्यात नुसताच दिवा?"

आजच साफ केलाय, असं धाकटीने ठोकून दिलं. घरात कोट घालून का बसायचं, तर म्हणे इकडची पद्धतच आहे. थोरलीने कोट चढवला, वर शाल घेतली, शालीवर टॉवेल घेतला आणि पद्धत चांगली पाळली.

दोन दिवस निभावलं. तिसऱ्या दिवशी दुपारी चहाला साखर नव्हती. दुकान बंद असतं, धाकटी म्हणाली. मग शेजारी कशाला ठेवलेत, असं म्हणत थोरलीने वाटी उचलली. इथे कुणी कुणाकडे मागत नाही गं, हे वाक्य पुरं होईतो ती समोरच्या दारात.

समोर पियानो शिकवणारे एक गृहस्थ राहायचे. दारात परकी बाई, हसऱ्या चेहऱ्याने वाटी पुढे करतेय. त्यांनी वाटी दोन्ही हातांनी घेतली, उलटीसुलटी करून पाहिली, छातीवर हात ठेवून वाकले आणि दार लावून घेतलं.

"वाटी ठेवून घेतली की त्यांनी," थोरली म्हणाली.

ती हार मानणारी नव्हे. दुसरी वाटी घेऊन वरच्या मजल्यावरच्या आजींकडे गेली. आजींनी वाटी घेतली आणि वर हिच्या गालाचा मुकाही घेतला. थोरली रिकाम्या हाताने गाल पुसत खाली आली, तेव्हा धाकटी जिन्यात पोट धरून बसली होती. ती हसली तशी थोरलीही हसली. एक थांबली की दुसरीला उबळ यायची. लहानपणी देवघरात हसू फुटलं की आई दोघींना वेगवेगळ्या खोलीत बसवायची, तसलं हसू.

डोळे पुसत थोरली म्हणाली, "आता तू जा. तुला त्यांची भाषा येते. साखर हवी होती म्हणून सांग."

धाकटीचं हसू विरलं. वाट्या गेल्या तर जाऊ देत, म्हणाली.

"वाट्या सोडशील पण मागणार नाहीस? काय लपवतेयस गं माझ्यापासून?"

धाकटी उठली आणि समोरची बेल दाबली.

दार उघडताच आतून गार हवेचा झोत आला. मास्तर ओव्हरकोटात, गळ्यात मफलर, बोटं उघडी ठेवलेले हातमोजे. मागे पियानोवर, फुलदाणीच्या मानाच्या जागी, धाकटीच्या घरची स्टीलची वाटी. ती पाहून धाकटीला पुन्हा हसू फुटलं, आणि त्या हसण्याच्या भरात इतकी वर्षं अडलेलं वाक्य घरंगळत बाहेर आलं. आमच्याकडची साखर संपलीय, पगार होईपर्यंत आणता येणार नाही.

मास्तर लाल झाले. मग हळूच म्हणाले, साखर आहे, हीटर मात्र गेल्या हिवाळ्यापासून बंद आहे. तुमच्या घरात कायम ऊब असणार, असंच मला वाटायचं.

धाकटीने त्यांना आणि वरच्या आजींना चहाला बोलावलं. थोड्या वेळाने मास्तर साखर घेऊन आले, आजी बिस्किटं घेऊन आल्या. त्यांच्याही अंगावर कोट होता. छोट्या स्वयंपाकघरात चौघं कोटवाले खांद्याला खांदा लावून चहा पिऊ लागले आणि खिडकीच्या काचेवर वाफ धरली. थोरलीला सगळं उमगलं होतं.

"आमच्याकडे अख्खी गल्ली गरीब," ती म्हणाली, "छप्पर गळतं ते सगळ्यांना दिसतं. तुम्ही मेले दार लावून एकेकटे गरीब. एवढं अवघड आम्हाला जमायचं नाही."

धाकटीने ते भाषांतर करून सांगितलं. आजी इतक्या हसल्या की त्यांचा चहा मास्तरांच्या बाहीवर सांडला.

पाहुणे गेल्यावर थोरलीने विचारलं, "आईला काय सांगू?"

धाकटी कप विसळत होती. नळ बंद करून म्हणाली, "खरं तेच सांग."

"खरं सांगितलं तर म्हातारी पोस्टाने साखर पाठवील."

"पाठवू दे," धाकटी म्हणाली, "मास्तरांची परत करायचीच आहे."